परदेशी निघालात? आधी दहा मिनिटं माझ्या पडवीत बसा

सौदीत मी अकरा वर्षं पाइप-फिटर होतो. मुंबईत सही केली त्या कागदावर पगार बाराशे रियाल होता. दमामला उतरल्यावर पुढ्यात आला तो अरबी कागद, त्यात आठशे. वाचता कुणाला येत होतं? सही केली. आता गावातलं कुणी निघालं की घरचे त्याला माझ्याकडे धाडतात.

पहिलं काम, ई-मायग्रेट या सरकारी साइटवर एजंटचं नाव शोधायचं. नोंदणी झालेल्यांची यादी तिथे कुणालाही दिसते. 1983 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय परदेशासाठी माणसं भरता येत नाहीत. नाव सापडलं तरी पत्ता जुळवा. दुसऱ्याचं लायसन्स स्वतःचं म्हणून दाखवणारे पुष्कळ. साइट इंग्रजीत आहे, म्हणून निघालेल्या पोराला मोठ्याने वाचायला लावतो आणि मग त्यानेच ते आईला मराठीत समजावून सांगायचं. तो अडखळला की समजायचं, त्याला स्वतःलाच कळलेलं नाही.

एजंटची फी जास्तीत जास्त 30,000 रुपये, वर जीएसटी. पावती नाही तर पैसे नाहीत. ‘व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे बदलून देतो’ म्हणाला, तर तिथेच उठा.

आता शिकलेल्यांचं. दहावी पास असलं की पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘सरकारी मंजुरी हवी’ असा शेरा, नसतो; कामाला जाताना ती मंजुरी लागत नाही. पोरं खूश होतात. पण करार तपासणारंही मग कुणी उरत नाही! थायलंडला ‘डेटा एंट्री’साठी म्हणून नेलेली मुलं सीमेवरच्या नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत निघाली, कुंपणात डांबून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेली. त्यांत पदवीवालेही होते. माझ्या बायकोच्या भाच्यालाही असंच ऑफर लेटर व्हॉट्सॲपवर आलं होतं. टायपिंगची परीक्षा नाही, मुलाखत पाच मिनिटांची, पगार ऐंशी हजार. मी म्हटलं, अरे, इथे बारा हजाराला तुला तीनदा बोलावतात!

शंका आली तर 1800-11-3090 ला फोन करा, परदेशी जाणाऱ्यांसाठी सरकारचीच टोल-फ्री लाइन आहे. निघताना करार, व्हिसा, पासपोर्ट यांच्या प्रती घरी ठेवा. घरच्यांशी एक खूण ठरवा. आमच्याकडे ‘काळी गाय व्याली का?’ असं विचारलं, की अडकलोय. आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून पट्ट्याच्या आत शिवा. सगळ्यात आधी फोनच काढून घेतात.