कंपनीचं काम व्हॉट्सॲपमधून बाहेर कसं काढायचं

जळगाव एमआयडीसीतली चाळीस-पन्नास माणसांची ठिबक सिंचनाची कंपनी घ्या. प्लांट खाली, सॉफ्टवेअरची टीम वरच्या मजल्यावर, साइट इंजिनिअर रावेर-चोपड्याच्या शिवारात आणि मोठं गिऱ्हाईक पुण्याला. सगळा कारभार पंचवीस-तीस व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो आणि चांगला चालतो. गाडी अडते ती ग्रुप बनवणारा माणूस नोकरी सोडतो तेव्हा, किंवा कुणी बॅकअप न घेता फोन बदलतो तेव्हा. दोन वर्षांची ड्रॉइंग, दर आणि कबुल्या त्या एका फोनबरोबर जातात.

गप्पा, वाढदिवस, डब्यात काय आहे, हे खुशाल व्हॉट्सॲपवर राहू द्या. ठरलेली गोष्ट आणि कामाची फाइल मात्र कंपनीच्या मालकीच्या खात्यातच राहायला हवी. पुढची सगळी मांडणी त्यासाठी आहे.

आधी यादी

ॲप निवडायच्या आधी अर्धा दिवस काढून एका शीटमध्ये सगळे ग्रुप लिहा. ग्रुपचं नाव, ॲडमिन कोण, ॲडमिनचा नंबर खासगी की कंपनीच्या सिमचा, ग्रुपमध्ये बाहेरची माणसं किती आणि शेवटच्या महिन्यात तिथं काय पडलं, एवढे रकाने पुरतात. निम्मे ग्रुप मेलेले निघतात. काहींत नोकरी सोडून गेलेली माणसं अजून बसलेली असतात. त्यांना त्याच दिवशी काढा.

प्रत्येक चालू ग्रुपला किमान दोन ॲडमिन करा, त्यातला एक कंपनीच्या नावावरच्या सिमचा. एकुलता एक ॲडमिन बाहेर पडला की व्हॉट्सॲप उरलेल्यांतल्या कुणालाही आपोआप ॲडमिन करतं. तो गिऱ्हाइकाकडचा शिकाऊ मुलगाही असू शकतो.

कुठलं ॲप

कंपनीची ईमेल जिथं आहे तिथलंच चॅट घ्या. मेल गूगलवर असेल तर गूगल चॅट, मायक्रोसॉफ्टवर असेल तर टीम्स. बहुतेक व्यावसायिक प्लॅनमध्ये ते आधीच मिळालेलं असतं, फक्त कुणी उघडलेलं नसतं. स्लॅक वापरायला सगळ्यात सुटसुटीत आहे. पण त्याच्या फुकट प्लॅनमध्ये मागचे ९० दिवसच दिसतात आणि वर्षापेक्षा जुना मजकूर कायमचा पुसला जातो. म्हणजे नोंदी टिकवण्यासाठी निघालो तिथंच नोंदी गळणार. मॅटरमोस्टसारखं ॲप स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, पण बॅकअप नीट उघडतो का हे दर महिन्याला तपासणारा माणूस असेल तरच त्या वाटेला जा. सर्व्हर ऑफिसात असेल तर यूपीएस सर्व्हरला आणि राउटरला, दोघांना लागतो. लाइट गेल्यावर सर्व्हर चालू आणि राउटर बंद, हा प्रकार नेहमीचा.

सुरुवातीला पाच ते सातच चॅनेल, म्हणजे या ॲपमधले विषयवार ग्रुप, काढा. चाळीस चॅनेल काढले की मेसेज कुठं टाकायचा हे कुणालाच कळत नाही आणि आठवड्यात सगळे परत व्हॉट्सॲपवर जातात. नावाची सुरुवात ठरवून घ्या: ‘ग्राहक-’, ‘प्रकल्प-’, ‘मदत-’. एका विषयाचं उत्तर त्याच मेसेजखाली द्यायचं, नवा मेसेज टाकायचा नाही, ही सवय लावायला पहिले पंधरा दिवस कुणीतरी प्रेमानं मागे लागावं लागतं.

सापडेल असं लिहा

इथं बहुतेक कंपन्या चुकतात, म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडे निम्मी माणसं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात आणि एकाच शब्दाची तीन स्पेलिंग करतात. सर्चला त्यातलं एकच सापडतं. म्हणून प्रत्येक साइटला एक कोड द्या, समजा ‘रावेर-०१४’, आणि तो कायम त्याच अक्षरांत टाका. भाषा कुठलीही असो, कोड बदलायचा नाही.

दुसरं, चर्चा संपली की एका ओळीत निकाल लिहा आणि ओळीची सुरुवात ‘ठरलं:’ या शब्दानं करा. ‘ठरलं: रावेर-०१४ ला जुनंच कंट्रोलर राहील, अपडेट सोमवारी.’ सहा महिन्यांनी ‘ठरलं रावेर-०१४’ शोधलं की सगळा इतिहास समोर येतो. ही ओळ कोण लिहिणार? ज्यानं प्रश्न विचारला तो. असं न ठरवल्यास प्रत्येकाला वाटतं दुसरा लिहील.

व्हॉइस नोटचंही तेच. शेतातून अहिराणीत किंवा लेवा बोलीत पाठवलेली दोन मिनिटांची नोट ऐकायला सोपी, बोलणाऱ्याचे हात मोकळे, तेव्हा ती बंद करू नका. पण सर्चमध्ये ती सापडत नाही. ऐकणाऱ्यानं खाली दोन ओळी टाइप केल्या की काम होतं.

फोनमध्ये कंपनीची वेगळी खोली

अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल नावाची सोय २०१४ पासून, म्हणजे लॉलीपॉप आवृत्तीपासून आहे. एकाच फोनमध्ये कामाची ॲप वेगळी राहतात आणि त्यांच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. आयटीवाल्यानं आधी ॲडमिन पॅनेलमध्ये मोबाइल व्यवस्थापन चालू करायचं. मग कर्मचाऱ्यानं प्ले स्टोअरमधून कंपनीनं सांगितलेलं व्यवस्थापन ॲप घ्यायचं, कंपनीच्या ईमेलनं लॉगिन करायचं, प्रोफाइल बनवायला होकार द्यायचा आणि स्क्रीन लॉक लावायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. काही जीबी जागा मोकळी नसेल तर मध्येच अडकतं, म्हणून आधी गॅलरी हलकी करून घ्या.

माणसं इथं बिचकतात: ‘साहेब माझे फोटो बघतील.’ हे मोकळेपणानं समजावून सांगा. वर्क प्रोफाइलमधून कंपनीला घरचे फोटो, खासगी मेसेज दिसत नाहीत आणि नोकरी सोडल्यावर फक्त ब्रीफकेसवाला भाग पुसला जातो. मात्र प्रोफाइल न बनवता अख्खा फोनच कंपनीच्या ताब्यात देण्याची पद्धतही असते; ती कंपनीनं दिलेल्या फोनसाठीच वापरा. संध्याकाळी वर्क प्रोफाइल एका बटणानं थांबवता येतं, मग कामाची नोटिफिकेशन येत नाहीत. रात्री सर्व्हर पडला तर फोनच करायचा, मेसेज नाही, हा नियम लेखी करा.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती ‘नोटिफिकेशनच येत नाही’ ही. दोष ॲपचा क्वचितच असतो. शाओमी, ओप्पो, विवोचे फोन बॅटरी वाचवायला मागची ॲप बंद करतात. सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरी मर्यादा काढून टाका आणि ऑटोस्टार्ट चालू करा. दोन्ही करावं लागतं.

शेतातून येणारे फोटो आणि कागद

धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यात नेटवर्क येतं-जातं. फोटो पाठवल्यावर ॲप लगेच बंद केलं तर तो अडकून राहतो. रेंजमध्ये आल्यावर ॲप उघडून मेसेज गेला का ते पाहायचं. मीटरचा आकडा किंवा नोझलवरचा नंबर वाचायचा असेल तर फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मे महिन्यात ४४-४५ अंशांत फोन डॅशबोर्डवर ठेवला की कॅमेरा बंद पडतो, चार्जिंग थांबतं. फोन सावलीत, पिशवीत ठेवा.

खरी जोखीम कागदांची आहे. ठिबकच्या अनुदानासाठी शेतकऱ्याचा सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक यांचे फोटो ग्रुपवर फिरतात. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या गॅलरीत ते उतरतात, तिथून गूगल फोटोजच्या खासगी खात्यात बॅकअप होतात. एका शेतकऱ्याचं आधार वीस अनोळखी ठिकाणी जाऊन बसतं, आणि त्यानं तर ते विश्वासानं दिलेलं असतं. वैयक्तिक डेटाच्या २०२३ च्या कायद्यात तो नीट न सांभाळल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा असे कागद कंपनीच्या ड्राइव्हमधल्या बंदिस्त फोल्डरमध्येच घ्या, जिथं चालत असेल तिथं शेवटचे ४ आकडे दाखवणारं मास्क्ड आधार मागा आणि व्हॉट्सॲपच्या चॅट सेटिंगमधलं ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा. स्कॅनसाठी अजूनही काही फोनांत कॅमस्कॅनर सापडतं. जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ते होतं. काढून टाका. गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे.

कुलूप-किल्ली

व्हॉट्सॲपला ६ आकडी पिनची दुहेरी पडताळणी लावा, कंपनीच्या खात्याला ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनच्या वेळी दर वेळी नवा आकडा देणारं) लावा आणि ते नसताना चालणारे बॅकअप कोड छापून कपाटात ठेवा. फोन हरवला की ऑथेंटिकेटरही जातं, तेव्हा तो कागदच कामाला येतो. महिन्यातून एकदा ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून पाहा. जुन्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब अजून चालू असल्याचं कळतं.

मालकाचा फोटो लावून नव्या नंबरवरून अकाउंट्सला ‘तातडीनं पैसे टाका’ असा मेसेज आला तर जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐकल्याशिवाय एक रुपया हलवायचा नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. डेटा चोरी किंवा सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली तर सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, ६ तासांत कळवणं २०२२ पासून बंधनकारक आहे; कोण कळवणार त्याचं नाव आजच ठरवा.

लिंक्डइन-इन्स्टाग्रामसाठी एक पानाचा नियम पुरे. पोस्ट टाकायला मनाई नको, पण फोटोत मागचा स्क्रीन, व्हाइटबोर्ड, ओळखपत्राचा बारकोड आणि गिऱ्हाइकाचं नाव दिसता कामा नये. फोटो टाकायच्या आधी झूम करून पाहायचा. ग्रुपवरच्या अश्लील मेसेजची तक्रार लैंगिक छळाच्या कायद्याखाली होऊ शकते. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती लागतेच, तिच्या सदस्यांची नावं चॅनेलवर पिन करा. सदस्याच्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय. तरी मेसेज दिसल्यावर गप्प बसू नये.

जुना ग्रुप बंद करताना

एकदम डिलीट करू नका. आधी चॅट एक्स्पोर्ट करा: मीडियासकट साधारण १०,००० आणि मीडियाविना ४०,००० मेसेजच निघतात, म्हणून मोठ्या ग्रुपच्या महत्त्वाच्या फाइल हातानं ड्राइव्हवर हलवा. ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही, ते आधी बंद करा. मग फक्त ॲडमिनच लिहू शकतील असं सेटिंग लावून नव्या चॅनेलचा पत्ता पिन करा आणि ३० दिवस तसंच राहू द्या. तारीख निवडताना आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आठवडा टाळा, निम्मं ऑफिस गावाला असतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी येणाऱ्या कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या, उत्सवाचंही तसंच. पुण्याच्या टीमच्या कॅलेंडरमध्ये हे सण नसतात, तेव्हा पंधरा दिवस आधी आपणच टाकायचे आणि ड्यूटीवर कोण आहे तेही लिहायचं.

माणूस नोकरी सोडतो त्या दिवसाचा क्रम कागदावर असू द्या: आधी त्याच्याकडून चालू कामाच्या ‘ठरलं’ ओळी लिहून घ्या, मग फाइलींची मालकी दुसऱ्याच्या नावावर करा, गिऱ्हाइकाच्या ग्रुपमध्ये नव्या माणसाची ओळख त्याच्याकडूनच करून द्या, आणि सगळ्यात शेवटी खातं बंद करून वर्क प्रोफाइल पुसा. खातं आधी बंद केलं की फाइली अडकतात आणि त्याला घरी फोन करून पासवर्ड विचारायची वेळ येते.