कागदावरचे आणि मिन्यावरचे लघुचित्र करवून घेताना

जयपूर किंवा उदयपूरच्या कारागिराकडे लघुचित्राची मागणी नोंदवण्यापूर्वी चित्र कागदावर हवे की मिन्यावर, म्हणजे धातूवर भाजून बसवलेल्या काचेच्या रंगात, हे ठरवावे, कारण दोन्हींची रीत आणि दुरुस्तीची शक्यता अगदी वेगळी आहे.

कागदी चित्रासाठी वसलीचा, म्हणजे हातकागदाचे थर खळीने चिकटवून अकीकाच्या दगडाने घोटलेल्या जाड कागदाचा, आग्रह धरावा. रंग खनिज हवेत की बाजारातले पोस्टर रंग चालतील, हे लेखी ठरवावे. किमतीत मोठा फरक इथेच पडतो. चित्रकार प्रथम खाका काढतो, मग रंग भरतो, कागद पालथा घालून मागून घोटतो आणि डोळ्यांच्या बारीक रेषा, दागिने व सोन्याचे काम शेवटी करतो. चेहऱ्याचे साम्य, हातांची ठेवण यांबद्दलचे आक्षेप खाक्यावरच नोंदवावेत; पापण्या रेखून झाल्यावर नाक बदला म्हणणे हा कारागिरावर अन्याय आहे.

मिन्यात काचेची रंगीत पूड धातूवर बसवून भट्टीत भाजतात. जास्त उष्णता सोसणारे रंग आधी आणि नाजूक लाल बहुधा शेवटी भाजतात. एकदा पक्का झालेला रंग पुसता येत नाही. कच्च्या पुडीची छटा भाजल्यावर बदलते, शिवाय तांब्यावर आणि चांदीवर एकच पारदर्शक रंग निराळा दिसतो, म्हणून त्याच धातूवर भाजलेला नमुना पाहूनच निवड करावी.

कोकणात वा मुंबईत राहणाऱ्यांनी कागदी चित्र ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये आणि चौकटीची काच रंगाला टेकणार नाही एवढी फट ठेवून घ्यावी.