फॉरमॅट मारला, पण विंडोज काही बसेना! या चुका टाळा

गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात आणि त्यांच्याबरोबर प्रत्येक घरात एक कॉम्प्युटरवाला पुतण्याही येतो. "काका, किती स्लो झालाय हा लॅपटॉप! फॉरमॅट मारून देतो, अर्ध्या तासाचं काम." सकाळच्या आरतीआधी पेनड्राइव्ह लागतो. गौरी विसर्जन होतं तरी विंडोज बसलेलं नसतं. मग पुतण्याची परतीची गाडी येते आणि लॅपटॉप कापडी पिशवीतून आमच्या कुडाळच्या दुकानात. काका तो काउंटरवर ठेवतात नि विचारतात, "मेलो काय रे ह्यो?"

बहुतेक वेळा मेलेला नसतो. पुतण्याने तोच पेनड्राइव्ह, त्याच सेटिंगवर, पाच वेळा लावलेला असतो, एवढंच. पाचही वेळा तोच एरर आला आणि पाचही वेळा कुणी तो वाचला नाही. म्हणून पहिलं काम सांगतो, ते फुकट आहे: एरर आला की मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. दुसरं, पुन्हा सुरू करण्याआधी काहीतरी एक बदला. एकच. पेनड्राइव्ह, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग आणि रॅम एकदम बदललीत तर विंडोज बसेलही, पण दुखणं नेमकं कुठे होतं ते कळणार नाही आणि महिन्याने ते परत डोकं वर काढेल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून असे लॅपटॉप जास्तच यायला लागलेत.

पेनड्राइव्ह चांगलाच आहे, असं धरून चालणं

फाइल कॉपी करताना मध्येच थांबून ८००७०५७० किंवा ८००७०२५डी असा कोड आला, तर माझा हात आधी पेनड्राइव्हकडे जातो. सेटअपला फाइल वाचता येत नाही, असा त्याचा साधा अर्थ. मित्राकडून आलेली, टेलिग्रामवरून उतरवलेली, कुणीतरी "हलकी" केलेली आयएसओ (विंडोजच्या सेटअपची एकच मोठी फाइल) वापरू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर सेटअपचा पेनड्राइव्ह बनवणारं मीडिया क्रिएशन टूल फुकट मिळतं, त्याला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. नेट मध्येच तुटत असेल तर डाउनलोड अर्धवट राहिलेलं नाही ना, ते बघा.

बाजारात स्वस्तात मिळणारे ६४ जीबीचे काही पेनड्राइव्ह आतून जेमतेम ८ जीबीचे असतात. कॉम्प्युटरला ते ६४ दाखवतात, भरायला लागलात की जुन्या डेटावर नवीन लिहीत जातात. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर हे ढोंग उघडं करतं.

आणखी एक. आयएसओमधल्या फाइली पेनड्राइव्हवर नुसत्या ओढून टाकणारे अजून भेटतात. फॅट३२ मध्ये (पेनड्राइव्ह फॉरमॅट करायची जुनी पद्धत) ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि आयएसओतली मुख्य फाइल बऱ्याचदा त्याहून मोठी असते. रूफससारखं टूल ही अडचण स्वतःच सोडवतं. हाताने करायला जाऊ नका.

जीपीटी आणि एमबीआरचा घोळ

ड्राइव्ह निवडून नेक्स्ट दाबलं आणि "या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही, डिस्क जीपीटी प्रकारची आहे" असा संदेश आला. इथेच सगळ्यात जास्त लोकांचा डेटा जातो, म्हणून जरा थांबून सांगतो.

जीपीटी आणि एमबीआर म्हणजे डिस्कवर कुठला भाग कुठे आहे, त्याची नोंद ठेवायच्या दोन पद्धती. सातबारा जुन्या वहीत आणि सातबारा ऑनलाइन, असं समजा. नवीन मशीन यूईएफआयने (बायोसची नवी पद्धत) सुरू होतं, त्याला जीपीटी लागते. जुन्या लेगसी पद्धतीला एमबीआर. वरचा संदेश येतो याचा अर्थ डिस्क ठीक आहे, तुम्ही पेनड्राइव्ह चुकीच्या दाराने आत आणलाय.

काय करायचं? मशीन बंद करा आणि पुन्हा बूट मेनू (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी) उघडा. बऱ्याच मशीनवर एकच पेनड्राइव्ह तिथे दोनदा दिसतो, एकदा नुसतं नाव आणि एकदा नावाआधी "यूईएफआय". दुसरा निवडा. बायोसमध्ये लेगसी किंवा सीएसएम (लेगसी पद्धत चालवणारी सोय) चालू असेल तर बंद करा. बस्स. काहीही पुसायची गरज नाही.

पण लोक काय करतात? यूट्यूब बघून शिफ्ट आणि एफ१० दाबतात, काळ्या खिडकीत डिस्कपार्ट (डिस्कची मांडणी बदलणारं टूल) उघडतात आणि "क्लीन" टाइप करतात. ही कमांड "नक्की का?" असं विचारत नाही. सी ड्राइव्हबरोबर डी ड्राइव्हही जातो. देवगडच्या एका आंबा बागायतदारांचा दोन हंगामांचा हिशेब असा एका शब्दात गेला होता. रिकव्हरीत थोडा मिळाला, सगळा नाही.

उलटी बाजू पण असते: डिस्क एमबीआर आहे आणि यूईएफआयवर चालणारं विंडोज ११ टाकायचंय. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी हे टूल आहे. डेटा न पुसता ते डिस्क बदलून देतं. मात्र ते जुनं विंडोज जागेवर असतानाच चालवावं लागतं, फॉरमॅट मारून झाल्यावर नाही. आणि त्याआधी बॅकअप. हे सांगायचं म्हणून सांगत नाही.

"डिस्कच दिसणा नाय"

सेटअपच्या यादीत एकही ड्राइव्ह नाही. एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) गेली, असा निष्कर्ष लगेच निघतो आणि नवीन विकत आणली जाते. नवीनही दिसत नाही!

इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं. त्यामुळे एसएसडी एका वेगळ्या कंट्रोलरच्या मागे जाते आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपकडे असेलच असं नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, उघडून त्यातल्या आयएनएफ फाइली दिसतील असा फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये "लोड ड्रायव्हर" दाबून तो दाखवा. डिस्क लगेच यादीत येते. काही मशीनवर बायोसमधून व्हीएमडी बंद करता येतं, तेही चालतं. फक्त आधीच बसलेलं विंडोज त्या बदलानंतर सुरू होईलच, असं नाही.

बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, आणि तो मालक बहुधा ठाणे शहरात असतो.

जुन्या डेस्कटॉपवर डिस्क दिसेनाशी व्हायचं कारण वेगळंच निघतं: मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल. सीआर२०३२. आठ-आठ महिने बंद राहणाऱ्या घरांत तो हमखास संपलेला. सेल संपला की बायोस आपल्या मूळ सेटिंगवर जातं, बूटची पद्धत बदलते, तारीख मागे जाते. मग तारीख चुकली म्हणून साइट उघडत नाहीत, ॲक्टिव्हेशन अडतं. थोड्या पैशांचा सेल, आणि लोक मदरबोर्डची किंमत विचारत येतात.

दोन डिस्क एकदम जोडून ठेवणं

एसएसडी नवीन टाकली, जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवली. विंडोज एसएसडीवर व्यवस्थित बसलं. पुढे जुनी हार्ड डिस्क काढली आणि मशीन सुरूच होईना. कारण सेटअपने बूटची फाइल जुन्या डिस्कवर असलेल्या ईएफआय भागातच ठेवली होती. विंडोज बसवताना जिच्यावर बसवायचंय ती एकच डिस्क जोडलेली ठेवा. दुसरीची वायर काढा, नंतर लावा. यात डी ड्राइव्ह चुकून पुसला जायची भीतीही राहत नाही.

खारी हवा आणि लाईट

हे पुण्याच्या माणसाच्या यादीत नसेल. मालवण, वेंगुर्ला, देवगड इथल्या खाडीकाठच्या घरातला डेस्कटॉप उघडा, रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या दिसतील. स्लॉटमध्ये कधीकधी पांढरी भुकटी. रोजचं काम कसंबसं चालतं, पण सेटअप गीगाबाइटभर फाइल उलगडताना रॅमला खरा घाम फुटतो आणि कधी ३७ टक्क्यांवर, कधी ६१ वर अडकतं. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर संशय हार्डवेअरवर घ्या. दर वेळी त्याच ठिकाणी अडकत असेल तर पेनड्राइव्हवर. हा काही छापील नियम नाही, पण मला क्वचितच दगा दिलाय त्याने.

वायर काढा, रॅम बाहेर घ्या, पट्ट्यांवरून पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कचरा झटका आणि नीट बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. तरीही शंका राहिली तर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा. साटाची (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) केबलही बदलून बघा.

लाईटबद्दल काय बोलायचं! जून ते सप्टेंबर, विजा कडाडत असताना, विंडोज बसवायला घेऊ नका. लॅपटॉपची बॅटरी दमदार असेल तर ठीक. डेस्कटॉप घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचं बटण "यूपीएस"वर आहे का बघा. नॉर्मलवर असेल तर लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि अर्धवट बसलेलं विंडोज तिथेच लटकतं.

बसलं, पण…

रिस्टार्टनंतर पुन्हा सेटअपची पहिली स्क्रीन आली, तर पेनड्राइव्ह काढा. तो बूटच्या यादीत पहिला आहे, बाकी काही नाही. हसू नका, यासाठी मी झारापपर्यंत जाऊन आलोय.

पुढे विंडोज ११ नेट मागतं आणि वायफायचा ड्रायव्हर नसतो. मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. नेटवर्क खळ्यातच (अंगणातच) मिळत असेल तर लॅपटॉप खळ्यात न्या.

ॲक्टिव्हेट होत नसेल तर लॅपटॉपबरोबर कुठली आवृत्ती आली होती ते आठवा. बऱ्याच लॅपटॉपला होम सिंगल लँग्वेज असतं, त्याची की मदरबोर्डमध्येच असते. हौसेने प्रो टाकलंत तर ती की चालणार नाही.

आणि जे आधीच करायला हवं होतं ते. टॅली असेल तर फॉरमॅटआधी लायसन्स सरेंडर करा. सेवा केंद्राचा कॉम्प्युटर असेल तर अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (ते मशीन आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर) उतरवून ठेवा. छपाईचं काम असेल तर जुने मराठी फॉन्ट वेगळ्या डिस्कवर घ्या. युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइली तो फॉन्ट नसेल तर उघडतात, पण लग्नपत्रिकेवर "श्री गजानन प्रसन्न"च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. अशी एक पत्रिका माझ्याकडे आली तेव्हा लग्नाला नऊ दिवस होते. तो फॉन्ट शेवटी छापखान्यातल्या एका जुन्या सीडीवर सापडला, आणि ती वाचायला सीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर शोधण्यात आणखी एक दिवस गेला.