कॅनडाच्या पीआरसाठी पीसीसी काढताय? या चुका टाळा

कॅनडात कायम राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, एक्स्प्रेस एन्ट्री या तिथल्या सरकारच्या ऑनलाइन व्यवस्थेतून अर्ज करण्याचं आमंत्रण, म्हणजे आयटीए, आलं की ६० दिवसांची मुदत सुरू होते. तेवढ्यात सगळे कागद गोळा करून अर्ज पाठवायचा असतो. आम्ही पुण्याहून अर्ज केला तेव्हा त्यातले पहिले ११ दिवस "पीसीसीचं काय, ते होईल आठवड्यात" या भरवशावर गेले. पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, तुमच्या नावावर गुन्हा आहे की नाही हे सांगणारा दाखला. भारताचं पीसीसी खरंच लवकर मिळालं. घाम फुटला तो नवऱ्याच्या अमेरिकेतल्या १४ महिन्यांच्या ऑनसाइटमुळे, म्हणजे कंपनीने तिकडे पाठवलेल्या कामामुळे, आणि लग्नाआधीच्या माझ्या दुबईतल्या नोकरीमुळे. तो ताण आजही आठवतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात महाग पडते ती कागद चुकीच्या क्रमाने काढण्याची चूक. जे हाताशी आहे, म्हणजे भारताचं, ते लोक आधी काढतात आणि परदेशातलं नंतर बघू म्हणतात. करायचं नेमकं उलट. कॅनडाचा नियम नीट वाचला की कारण कळतं. गेल्या १० वर्षांत ज्या ज्या देशात तुम्ही सलग ६ महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचं पोलीस सर्टिफिकेट लागतं. वयाच्या १८ वर्षांआधीचा काळ यात धरत नाहीत आणि खुद्द कॅनडातल्या मुक्कामासाठी ते लागत नाही. सध्या ज्या देशात राहता, तिथलं सर्टिफिकेट अर्ज पाठवायच्या तारखेआधी ६ महिन्यांच्या आत दिलेलं हवं. जो देश सोडून आलात, तिथलं मात्र तिथला शेवटचा मुक्काम संपल्यानंतर कधीही काढलेलं चालतं.

म्हणजे अमेरिका, इंग्लंड, अमिराती, सिंगापूर जे काही मागे सोडलं असेल, त्याचं सर्टिफिकेट तुमची प्रोफाइल पूलमध्ये, म्हणजे आमंत्रणाची वाट बघणाऱ्यांच्या यादीत, पडून असतानाच काढून ठेवता येतं. ते शिळं होत नाही. भारताचं मात्र शिळं होतं. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने उत्साहाने जानेवारीतच भारताचं पीसीसी काढून ठेवलं होतं. आमंत्रण आलं सप्टेंबरमध्ये. पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा पोलीस ठाणं.

"शेवटचा मुक्काम संपल्यानंतर" हे शब्दही हलके घेऊ नका. मी दुबई सोडण्याच्या तीन आठवडे आधी तिथलं सर्टिफिकेट काढून आणलं होतं आणि आपण किती दूरदर्शी म्हणून खूश होते. ज्या सल्लागाराला आम्ही पैसे दिले होते, त्यानेही "चालेल" म्हणून सांगितलं. पण सर्टिफिकेटवरची तारीख माझ्या एक्झिटच्या शिक्क्याआधीची होती. ६० दिवसांतला पंचविसावा दिवस असताना हे लक्षात आलं आणि मला ते नव्याने काढावं लागलं. अमिरातीत राहत असताना हेच काम फोनवरच्या यूएई पास या तिथल्या सरकारी ओळखीच्या अ‍ॅपने घरबसल्या होतं. देश सोडल्यावर बोटांचे ठसे, त्यावरचं साक्षांकन, जुन्या व्हिसाची प्रत असं सगळं जमवत बसावं लागतं. तुम्ही अजून आखातात असाल आणि परतायचा विचार असेल, तर एमिरेट्स आयडीच्या दोन्ही बाजू, व्हिसाचं पान आणि तिथे वापरलेल्या जुन्या पासपोर्टची प्रत निघण्याआधी स्कॅन करून ठेवा.

दिवस मोजताना आठवणीवर विसंबू नका. जुने पासपोर्ट कपाटातून बाहेर काढा आणि शिक्के बघत वहीत तारखा लिहा. "सहा महिनेच होतो" म्हणणारा माणूस बऱ्याचदा साडेसहा महिने राहिलेला निघतो. ऑनसाइटवर असताना मध्ये दोन आठवडे दिवाळीला घरी येऊन गेलात, तर सलगपणा तुटला असं धरून ते सर्टिफिकेट टाळू नये, असं माझं मत आहे. घर, पगार आणि सामान तिकडेच होतं. नंतर अधिकाऱ्याने मागितलं तर दिलेल्या मुदतीत धावपळ करावी लागते, त्यापेक्षा आधीच जोडलेलं बरं. आणि हा हिशेब एका देशाचा दुसऱ्याला लावू नका. ऑस्ट्रेलिया गेल्या १० वर्षांतले तुकड्या-तुकड्यांचे मुक्काम एकत्र मोजून १२ महिने धरतं, तेही वयाच्या सोळाव्या वर्षापासून.

भारताचं पीसीसी

इथे पहिला घोळ कागदाच्या जातीचा. महाराष्ट्र पोलिसांकडून नोकरीसाठी, सोसायटीसाठी वगैरे जे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मिळतं, ते वेगळं. कॅनडासाठी पासपोर्ट कार्यालयाने दिलेलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. अर्ज पासपोर्ट सेवाच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा एम-पासपोर्ट सेवा अ‍ॅपवर करायचा, फी ५०० रुपये. संकेतस्थळाचा पत्ता पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन असाच असतो. शेवटी गव्ह डॉट इन नसेल तर तिथे पैसे भरू नका, कारण हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट आहेत आणि त्या दीड-दोन हजार घेऊन तुमचाच फॉर्म भरून देतात. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांमध्येही पीसीसीच्या अपॉइंटमेंट मिळतात. त्यामुळे जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्याने पुण्या-मुंबईची तारीख धरून बसायची गरज उरलेली नाही.

फॉर्ममध्ये देशाचं नाव निवडताना डोळे उघडे ठेवा. हे सर्टिफिकेट ठरावीक देशासाठी असतं आणि त्यावर त्या देशाचं नाव छापलेलं येतं. ऑस्ट्रेलियासाठी काढलेलं कॅनडाला जोडू नका. केंद्रातून बाहेर पडण्याआधी नाव, पासपोर्ट नंबर, देश आणि तारीख एकेक करून वाचा. रांग मागे असली तरी वाचा.

हे सर्टिफिकेट भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी आहे. गोव्यातल्या ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे, त्यांचा मार्ग वेगळा. त्यांनी परदेशात असल्यास भारतीय दूतावासाकडे विचारावं. परदेशात असलेल्या भारतीयांनीही आपल्या दूतावासामार्फतच अर्ज करायचा, गावाकडच्या भावाला पोलीस ठाण्यात पाठवून काही साधत नाही.

आता पत्ता. महाराष्ट्रात पीसीसी अडकतं ते सर्वांत जास्त इथे. पासपोर्टवर गावचा पत्ता, माणूस दहा वर्षं पुण्यात. फॉर्ममध्ये सवयीने पासपोर्टवरचाच पत्ता टाकला जातो आणि पडताळणी गावच्या ठाण्याकडे जाते. माझ्या मावसभावाचं असंच झालं. सांगली जिल्ह्यातल्या गावात हवालदार घरी गेले. दाराशी आजी. "कुठं आहे नातू?" "तो न्हाई इथं, पुण्याला असतोय. दिवाळीला येतो." आजी खरं तेच बोलली. अहवाल गेला, अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. पुढचे पाच आठवडे तो सांगली आणि पुण्याच्या चकरा मारत होता.

म्हणून सध्या जिथे राहता तोच पत्ता द्या आणि त्याचे पुरावे आधी जमवा. स्वतःचं घर असेल तर वीजबिल, भाड्याचं असेल तर नोंदणी केलेला भाडेकरार, बँकेचं पासबुक, नवा पत्ता टाकलेलं आधार. आधारवरचा पत्ता बदलायचा असेल तर तो पीसीसीच्या अर्जाआधी बदला, नंतर नाही. पासपोर्टवरचा पत्ता वेगळा आणि मुदतही वर्षभरात संपत असेल, तर मी आधी पासपोर्टच नवा करून घेईन. पुढे कॅनडाच्या फॉर्मवर, मेडिकलवर सगळीकडे तोच नंबर लागतो.

ठाण्यातून फोन येण्याची वाट बघत बसू नका. ऑनलाइन स्टेटसवर पडताळणी ठाण्याकडे गेल्याचं दिसलं की दोन-तीन दिवसांत स्वतः जा आणि पासपोर्टचं काम कोण बघतं ते विचारा. मूळ कागद, झेरॉक्स आणि फोटो एकाच फाइलमध्ये न्या. या पडताळणीची वेगळी फी नसते, हेही ध्यानात असू द्या. स्टेटस आठवड्यानंतरही हलत नसेल तर फाइल नंबर हाताशी धरून १८००-२५८-१८०० या पासपोर्ट सेवेच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा.

एकाच बाईची तीन नावं

याबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे, कारण याचा त्रास आपल्याकडच्या बायकांना होतो. आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि कित्येक घरांत तांदळात अंगठीने लिहून पहिलं नावही बदलतात. डिग्रीवर एक नाव, दुबईच्या व्हिसावर तेच, आताच्या पासपोर्टवर दुसरं. परदेशातल्या सर्टिफिकेटच्या अर्जात पूर्वीची नावं विचारणारा रकाना असतो. तो रिकामा सोडला तर तिथले पोलीस फक्त नव्या नावाने शोध घेतात, आणि त्या नावाची बाई त्यांच्या देशात कधी राहिलेलीच नसते. असं सर्टिफिकेट कोरं निघालं तरी कॅनडाचा अधिकारी विचारू शकतो की जुन्या नावाचं काय. जुनी सगळी नावं रकान्यात लिहा, विवाह नोंदणीचा दाखला जोडा, नाव राजपत्रात बदललं असेल तर त्याची प्रतही. कॅनडाच्या फॉर्मवरही तीच नावं, त्याच स्पेलिंगने. मुलग्यांनीही मधलं नाव तपासावं. अमेरिकेत काही कागदांवर वडिलांचं नाव गळतं, काहींवर ते पहिल्या नावाला चिकटून येतं.

अमेरिकेसाठी बोटांचे ठसे

अमेरिकेचं सर्टिफिकेट म्हणजे एफबीआयचा ओळख इतिहासाचा अहवाल. फी १८ डॉलर. भारतात परतलेल्या आपल्यासारख्यांनी अर्ज थेट एफबीआयकडेच करायचा. तिकडच्या खासगी चॅनेलर, म्हणजे मध्यस्थ, कंपन्या झटपट काम करतात, पण ती सोय अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे. पैसे भरून मग कळतं. अर्ज आणि पैसे ऑनलाइन, ठशांचं कार्ड मात्र कुरिअरने वेस्ट व्हर्जिनियाला. ऑनलाइन अर्ज केला असेल तर उत्तर ईमेलवर येतं.

खरी कसोटी ठशांची. एकेक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवायचं, मग दोन्ही हातांची चार-चार बोटं सपाट, शेवटी अंगठे. आम्ही ठसे द्यायला पोलिसांकडे गेलो त्या दिवशी हवालदारांनी शाई पॅडवर भरपूर ओतली आणि नवऱ्याचा अंगठा कार्डावर काळा डाग होऊन उमटला. रेषा दिसतच नव्हत्या. दुसऱ्या कार्डावर त्यांना शाई काचेवर रोलरने पातळ पसरायला विनंती केली, तेव्हा भोवरे स्वच्छ आले. बोट लोळवताना तुम्ही स्वतः जोर लावू नका, हात सैल सोडा आणि दुसरीकडे बघा. घामट हात असतील तर प्रत्येक बोटाआधी पुसा. भांडी, धुणं, शेतीकाम करणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यांनी आठ-दहा दिवस आधीपासून रात्री खोबरेल लावावं आणि ठसे द्यायच्या दिवशी साबणाने धुऊन हात कोरडे करावेत. एका कार्डावर थांबू नका, दोन-तीन काढा आणि एकत्रच पाठवा. ठसे वाचता आले नाहीत तर कार्ड नाकारलं जातं आणि कुरिअरचा सगळा फेरा पुन्हा. जगातल्या अगदी पहिल्या ठशांच्या कचेऱ्यांपैकी एक १८९७ साली आपल्याच कलकत्त्यात निघाली. त्या देशात प्रत्येक जिल्ह्याला नीट ठसे घेणारी एक खिडकी असावी, असं मला मनापासून वाटतं.

जुना गुन्हा नोंदलेला असेल तर

कॉलेजच्या आंदोलनातली अटक असो, नाहीतर विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या आवाजावरून मंडळाच्या कार्यकर्त्यांवर झालेला गुन्हा. लोक म्हणतात, "केस तर मिटली, कशाला सांगायचं?" कॅनडाच्या फॉर्ममध्ये फक्त शिक्षेबद्दल विचारत नाहीत, अटक आणि आरोप यांबद्दलही विचारतात. माहिती लपवली असं ठरलं तर तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येऊ शकते, मूळ गुन्हा कितीही किरकोळ असला तरी. न्यायालयातून निकालाची प्रमाणित नक्कल काढा, मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर करून घ्या, आणि काय घडलं ते एका पानात सरळ लिहा. नक्कल मिळायला वेळ लागतो, म्हणून हे कामही पूलमध्ये असतानाच. खटला अजून चालू असेल तर एजंटच्या नादी न लागता वकिलाला भेटा. "सेटिंग करून कोरं सर्टिफिकेट देतो" म्हणणारा तुम्हाला खोट्या कागदाच्या गुन्ह्यात अडकवतो.

अपलोड करताना

मूळ सर्टिफिकेट रंगीत स्कॅन करा. मागच्या बाजूला शिक्का असेल तर तीही बाजू घ्या. एका माणसाची तीन देशांची सर्टिफिकेटं असली तरी पोर्टलवर जागा एकच मिळते आणि फाइल ४ एमबीपेक्षा मोठी चालत नाही. सगळी एका पीडीएफमध्ये जोडा, पण दाबून इतकी बारीक करू नका की शिक्का वाचता येणार नाही. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसलेल्या सर्टिफिकेटला प्रमाणित भाषांतर हवं. नवरा-बायको दोघांचीही लागतात, आणि अठरा पूर्ण झालेल्या, अर्जात नाव असलेल्या मुलांचीही.

आणि एखादं सर्टिफिकेट ६० दिवसांत आलंच नाही तर ती जागा रिकामी ठेवू नका आणि आमंत्रणही घाईने नाकारू नका. तिथे एक पत्र अपलोड करा: कोणत्या तारखेला अर्ज केला, कोणाकडे, आता काय स्थिती आहे. सोबत फीची पावती, कुरिअरची पोच, आलेले ईमेल. हे पुरावे तारखेसकट हवेत, त्यामुळे पहिल्या दिवसापासून एक फोल्डर करून त्यात टाकत जा. आमचा एफबीआयचा अहवाल अठ्ठावन्नाव्या दिवशी रात्री ईमेलवर आला. पत्र टाइप करून तयार ठेवलं होतं, ते काढून त्या जागी अहवाल जोडला आणि पहाटे अर्ज पाठवला.