भाजलेल्या रुग्णाला प्रतिकारशक्तीचा आधार कसा द्यावा

भाजल्यावर त्वचेचे कवच जाते आणि जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाबरोबर रक्तातील प्रतिपिंडेही (जंतूंशी लढणारी प्रथिने) कमी होतात, म्हणून दाखल करतानाच धनुर्वाताच्या लसीकरणाचा इतिहास विचारून केसपेपरवर लिहावा. ‘टीटी घेतलंय’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. किती मात्रा आणि शेवटची केव्हा, हे विचारावे. तीन मात्रा पूर्ण असून शेवटच्या मात्रेला पाच वर्षे उलटली असतील, तर लसीची एक मात्रा पुरते. मात्रा अपुऱ्या असतील किंवा माहितीच नसेल, तर लसीबरोबर धनुर्वात इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे, कारण लसीमुळे प्रतिपिंडे तयार व्हायला दिवस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन ती तयारच पुरवते. दोन्ही इंजेक्शने वेगळ्या सिरिंजने, वेगळ्या अवयवांत, न भाजलेल्या त्वचेतून स्नायूत द्यावीत. पुढच्या मात्रांची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहावी; नेमके हेच राहून जाते.

भाजलेल्या जखमेत वाढणाऱ्या स्यूडोमोनास या जिवाणूविरुद्धची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन यांच्या चाचण्या दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाल्या होत्या व त्यांचे आशादायक निष्कर्ष 1979 आणि 1980 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, तरीही तो उपचार वॉर्डात रुळला नाही. शिरेतून दिले जाणारे सर्वसाधारण इम्युनोग्लोब्युलिन महाग आहे आणि प्रत्येक रुग्णाला सरसकट देण्याइतका पुरावा त्यामागे नाही. सेप्सिसची (शरीरभर परिणाम करणाऱ्या गंभीर संसर्गाची) शंका येताच जंतू ओळखण्यासाठी रक्ताचा आणि जखमेचा कल्चर पाठवून प्रतिजैविक सुरू करावे. इम्युनोग्लोब्युलिनसाठी ते थांबवू नये, आणि मृत त्वचा लवकर काढण्याचा निर्णयही पुढे ढकलू नये.