ग्रेट ओशन रोडला कॅरव्हॅन घेऊन निघालात? या चुका टाळा

ग्रेट ओशन रोड म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला समुद्राकाठचा रस्ता. इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, मेलबर्नमधलं कुणी ना कुणी पहिल्यांदाच कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, भाड्याने घेतं आणि निघायच्या आदल्या रात्री मला फोन करतं. "एका दिवसात काय काय बघून होईल?" मी सांगतो, तीन ठिकाणं. त्यावर अकरा ठिकाणांची यादी ऐकवली जाते. मग विचारलंत कशाला?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फिरायच्या दिवशीही कॅरव्हॅन मागे ओढत नेणं. लॉर्न ते अपोलो बे रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र. तुम्ही जपून चालवणार, म्हणजे मागे गाड्यांची वरात लागणार. बाजूला थांबायच्या जागा केलेल्या आहेत, तिथे थांबून मागच्यांना जाऊ द्या. त्यात कमीपणा नाही. पण खरी फजिती पार्किंगमध्ये होते. लांब जागा मोजक्या, त्यात आधीच कुणीतरी छोटी गाडी लावलेली. मग भर गर्दीत रिव्हर्स घ्यायचा, बायको मागे उभी राहून हात हलवणार आणि तो हात आरशात दिसणार नाही. हे सगळं कशासाठी? "सोडा-जोडायचा कंटाळा येतो" म्हणून. मला अर्धा तास लागतो त्याला, आणि तो मी आनंदाने देतो. पोर्ट कॅम्पबेल गावी दोन रात्री मुक्काम ठेवायचा. पोचल्यावर आधी चाकांना ठोकळे, मग जॉकी व्हील, म्हणजे कॅरव्हॅनच्या पुढच्या दांड्याचं छोटं टेकूचं चाक, खाली, मगच कॅरव्हॅन गाडीपासून सोडायची. हा क्रम उलटा करणाऱ्यांची कॅरव्हॅन उतारावर चालायला लागलेली मी पाहिली आहे. दुसऱ्या दिवशी नुसती गाडी काढायची. ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले चुनखडीचे उंच सुळके, तिथून जेमतेम बारा किलोमीटर. सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी जा. दुपारी मेलबर्नच्या बसेस येतात आणि कठड्याशी उभं राहायला जागा उरत नाही. आणि खडक बारा भरत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा मोजू नका. ते कधीच बारा नव्हते, त्यातला एक 2005 च्या जुलैत कोसळला.

दुसरी चूक माझी स्वतःची, म्हणून जास्त झोंबते. ऑनिंग, म्हणजे कॅरव्हॅनच्या बाजूला उघडायचं कापडी छप्पर, उघडं टाकून फिरायला जाणं.

ताई आणि दाजी सांगलीहून आले होते. ऑनिंग म्हणजे कॅरव्हॅनची पडवीच; ताईने तिथे खुर्च्या, स्टोव्ह, लोणच्याची बरणी, सगळा संसार मांडला होता. सकाळपासून उत्तरेचा भाजणारा वारा. शेजारचे आजोबा आपलं ऑनिंग गुंडाळत होते, मला म्हणाले, दुपारी वारा बदलणार आहे. व्हिक्टोरियात हा 'चेंज' म्हणजे नैऋत्येचा गार वारा असा अचानक येतो की तासाभरात अंगावर स्वेटर चढतो. मला हे माहीत होतं. पण दाजी म्हणाले, "राहू दे रे, जेवायला तर परत यायचंय," आणि मीही चावी फिरवली.

लॉक आर्ड गॉर्ज या कड्यांमधल्या घळीत खाली वाळूत होतो. 1878 मध्ये इथे फुटलेल्या जहाजातून दोघंच कसे वाचले, ते मी रंगवून सांगत होतो. तेवढ्यात ताईची ओढणी एकदम उलट्या दिशेला उडाली. मी गोष्ट अर्धी टाकून पायऱ्या चढलो. परत येऊन पाहतो तर ऑनिंग छपरावर उलटं पडलेलं, एक दांडा कोपरासारखा वाकलेला, छपराची खिडकी फुटून गादीवर पाऊस. फडफडणारं कापड त्या आजोबांनी दोरीने बांधून ठेवलं होतं. ते एक अक्षर बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. लोणच्याची बरणी तिसऱ्या कॅरव्हॅनखाली सापडली, न फुटता.

तेव्हापासून आंघोळीला जातानासुद्धा हवामान बघतो, आणि जागेवरून हललो की ऑनिंग गुंडाळतो. खुंट्या-दोऱ्या मारल्यात म्हणून निश्चिंत होणाऱ्यांना मी काही सांगत नाही.

बाकीच्या चुका भराभर. मुलांना चालत्या कॅरव्हॅनमध्ये झोपवू नका. कायद्याने बंदी आहे, "थोडंच अंतर आहे" हे कारण नाही. कॅरव्हॅनच्या विजेच्या वायरची अर्थिंगची पिन मोठी असते. घरच्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून ती कानशीने घासणारे महाभाग आहेत, त्यांच्या शेजारी मी जागा घेत नाही. अपोलो बे सोडताना इंधनाची टाकी भरा. पोहायचं ते जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, झेंडे नसतील तर पाय भिजवून या. फोटोसाठी कुंपण ओलांडू नका, हा चुनखडीचा कडा आहे. जवळच्याच लंडन ब्रिज नावाच्या नैसर्गिक खडकाची जमिनीकडची कमान 1990 मध्ये कोसळली, तेव्हा पुढच्या टोकावर अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं.

आणि सूर्यास्त बघून परतताना सावकाश. कांगारू त्याच वेळी रस्त्यावर येतात, आणि एक गेला की मागे दुसरा असतोच.