जीपीएसच्या आलेखात भूकंप शोधताय? या चुका टाळा

दिंडोरी-पेठकडे जमीन हलली, नाशिकच्या ‘मेरी’ संस्थेच्या भूकंपमापकावर नोंद झाली, की आमच्या व्हॉट्सॲप गटात हमखास विचारणा येते, “सर, आयनोस्फिअरमध्ये (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) काही दिसलं का?” नाही दिसणार. तीनच्या आसपासच्या धक्क्याने घरातली भांडी वाजतात, आकाश नाही. आकाश हलायला साधारण साडेसहा तीव्रतेच्या पुढचा, उथळ भूकंप लागतो. जमीन किंवा समुद्रतळ झटक्यात उचलला गेला की हवेत दाबाची लाट उठते. वर हवा विरळ होत जाते तशी ती फुगत जाते आणि ३०० किलोमीटरवरचे इलेक्ट्रॉन हलवते. जीपीएस उपग्रहाच्या सिग्नलच्या दोन फ्रिक्वेन्सींवर या इलेक्ट्रॉनांचा परिणाम सारखा नसतो. त्या फरकातूनच आपण इलेक्ट्रॉन मोजतो आणि त्याचा आलेख काढतो.

दुसरी चूक घड्याळाची. भूकंपाच्याच मिनिटाला आलेख चाळायचा नाही, लाटेला वर चढायला आठ-दहा मिनिटं लागतात. ११ मार्च २०११ ला जपानच्या हजारावर जीपीएस केंद्रांनी ही लाट टिपली, तीही धक्क्यानंतर काही मिनिटांनीच. पाण्यात दगड पडल्यासारखी रिंगणं पसरत गेली होती.

संध्याकाळच्या उड्यांवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका. एका मार्चमध्ये रात्री आठला माझा आलेख असा काही नाचला, की मी जेवण सोडून जगभरच्या भूकंपांची यादी उघडली. काहीच नव्हतं. विषुववृत्ताच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनोस्फिअरमध्ये प्लाझ्माचे बुडबुडे (कमी इलेक्ट्रॉनांचे पोकळ पट्टे) उठतात, मार्च-सप्टेंबरच्या आसपास जास्तच. जेवण गार झालं ते झालंच. चुंबकीय वादळ चालू असेल तरी तोच गोंधळ, म्हणून आधी केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा आकडा) बघावा.

मोबाईलवर नोंद घेणाऱ्यांचा आलेख दर थोड्या वेळाने तुटतो. बॅटरी वाचवायला फोन जीपीएसची चिप मधूनमधून झोपवतो. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘फोर्स फुल जीएनएसएस मेजरमेंट्स’ चालू करा, आणि फोन गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवू नका.

आणि जागा. क्षितिजापासून ३० अंशांवर, दक्षिणेला उपग्रह असेल तर त्याचा सिग्नल आयनोस्फिअरला आपल्यापासून पाचशेएक किलोमीटर दक्षिणेला छेदतो. म्हणजे रिसीव्हर नाशिकच्या गंगापूर रोडला, मोजमाप गोव्याच्या आकाशाचं. आलेखावर ‘नाशिक’ लिहून मोकळं होऊ नका. छेदबिंदूचे अक्षांश-रेखांश लिहा.